एकशे सहा भोकं

जकार्डच्या कार्डावर जिथे भोक असतं
तिथला धागा वर उचलला जातो,
नसतं तिथला खाली दबून राहतो.
चाळीस वर्षं मी हीच भोकं पाडली, साखर पेठेत :
मोर, कमळ, समोरासमोर दोन हरणं,
आणि एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून वाघ,
जो विणून आल्यावर मांजर दिसला
तरी बाराशे चादरी खपल्या.

खरा कसा असतो ते बघायला
सिद्रामला घेऊन ताडोब्याला गेलो.
दिसला नाही.
परतताना चंद्रपूरच्या फलाटावर
एक कोरं कार्ड पेन्सिलीने आखलं :
देशातली राष्ट्रीय उद्यानं, एकशे सहा.
"काय बे अंबादास," सिद्राम म्हणाला,
"एवढ्यात काशी, तिरुपती, श्रीशैल होऊन
वर पैसे उरतेत की."

बारा वर्षांत एकोणीस झाली.
काझीरंग्यात गेंडा बघितला, त्याच रात्री
गुवाहाटीच्या लॉजमध्ये अंगावर आली ती चादर
आमच्याच गल्लीतली निघाली.
दाचीगामला माझे दात वाजले,
कडक भाकरी तिथेही कडकच राहिली.

मीनाक्षीने कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला :
या गतीने अजून पंचावन्न वर्षं.
म्हणजे एकशे अठराव्या वर्षी मी
नामदफात असेन, पायावरच्या जळवा मोजत.
"गुडघ्यांना विचारलंत?"
एवढं बोलून तिने शेंगाचटणी डब्यात दाबून भरली.

एकोणिसावं जैसलमेरचं.
दोन दिवस नुसती वाळू.
तिसऱ्या सकाळी रावताराम कुजबुजला, "गोडावण."
लांब, गवतातून एक उंच मान
लग्नातल्या मानाच्या मामासारखी
कुणाकडे न बघता चालली होती.
मी दुर्बीण खाली घेतली.
हा तर ओळखीचा.

नान्नजचा माळ. मी सात वर्षांचा,
वडलांच्या सायकलच्या दांडीवर,
मागे बाजाराला न्यायच्या पातळांचा गठ्ठा.
ते ब्रेक दाबून म्हणाले, "चूडु."
बघ.
तीन-चार माळढोक होते, एक टोळ गिळत होता.
पुढे पंक्चर झालं
आणि इतकी वर्षं मला पंक्चरच आठवत राहिलं.

"कहाँ से?" रावतारामने विचारलं.
सांगितलं.
"अच्छा, आपके यहाँ भी तो थे ना."
थे.
केवढासा शब्द.

गेल्या रविवारी नान्नजला गेलो,
एसटीने पाऊण तास.
ते अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान नव्हे,
माझ्या कार्डावर त्याला घर नाही.
वनरक्षकाने वही पुढे केली,
'काय बघायला' या रकान्यात
पेन बराच वेळ टेकून राहिलं, शाई पसरली.
काळवीट दिसले. एक धाविक
दगड आहे की पक्षी, हे शेवटपर्यंत ठरवू न देता बसला होता.
दुपारी भाकरी खाल्ली, पुन्हा बघितलं.
माळ होता. गवत होतं. टोळही होते.

रात्री पंच काढला.
एकशे सहाच्या चौकटीबाहेर, अगदी कडेला,
एक मोठं भोक पाडलं.
"हे कितवं?" मीनाक्षीने विचारलं.
म्हणालो, हे मोजायचं नसतं,
यातून दोरा ओवतात, एक कार्ड दुसऱ्याला बांधायला.

ती थोडा वेळ कार्ड दिव्यासमोर धरून बसली,
मग म्हणाली,
"बरं, पेंचची तिकिटं काढायची का नाही?"