उंबरठे

छप्पर नसलेल्या गाडीचा कणा
तिच्या उंबरठ्यांत असतो,
दारांखालच्या त्या दोन पोकळ पेट्यांत.
त्या कापायच्या तर आधी टेकू द्यायचा,
नाहीतर गाडी मधोमध वाकते
आणि दारं मग जन्मभर चौकटीशी भांडतात.

म्हणून एक अख्खा शनिवार
आम्ही नुसत्या कांबी जोडल्या :
दोन आडव्या, एक तिरकी.
शेजारची थिया दिवा धरून होती. वय चौदा,
नखांत ग्रीस, आणि प्रत्येक गोष्टीला "का?"
बाहेर व्हिटबीचा खारा वारा.
इथं समुद्र सगळ्यांचंच लोखंड खातो,
बोटींचं, कुंपणांचं,
नेविलच्या या हिरव्या एमजीचं.
नेविल, माझा धाकटा भाऊ. मार्चमध्ये गेला.
हिल्डा म्हणाली, घेऊन जा,
दारात उभी बघवत नाही मला.

उजव्या उंबरठ्याला चकती लावली.
ठिणग्या उडायला हव्या होत्या.
उडाली पांढरी धूळ.
रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली जाळी,
जाळीमागे कोंबलेलं वर्तमानपत्र,
जुलै चौऱ्याऐंशी : माशांचे भाव,
कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा फोटो.
लोखंड म्हणावं असं काही नव्हतंच.
"कुठल्या गाढवाचं काम हे?" थिया म्हणाली.
मी म्हणालो, असेल कोणीतरी. घाई असेल त्याला.

मग पुट्टीचा एक मोठा तुकडा हाती आला.
ओली असताना दाबलेली बोटं
तशीच उमटलेली :
तीन पूर्ण, चौथ्याचा खुंट.
ते अर्धं बोट ट्रॉलरच्या यारीनं नेलं,
मी एकोणीस वर्षांचा असताना.
थियानं ठसा पाहिला.
माझा हात पाहिला.
"का" विचारलं नाही. चष्मा डोळ्यांवर ओढला
आणि नवा पत्रा पुढे सरकवला.

आठशे पौंड घेतले होते मी.
सख्ख्या भावाकडून, रोख.
वर सांगितलं होतं, बॉडी ठणठणीत आहे बघ.
तीस उन्हाळे तो टप उघडून हिंडला,
हिल्डाच्या डोक्याला रुमाल,
मागे सँडविचांचा डबा,
माळरानाच्या चढउतारांवरून
जुन्या बातम्यांवर बसून.
एकदाच म्हणाला होता :
"दार जरा खाली बसलंय रे. लावताना उचलावं लागतं."
मी म्हणालो, बिजागरी असेल.

नऊ आठवडे लागले.
पत्रा कापला, वाकवला, चुकला, फेकला, पुन्हा कापला.
एक टाका, मग थांबायचं, गार होऊ द्यायचं;
एका दमात वेल्ड केलं की पत्रा पिळवटतो.
थिया फटीत पट्टी घालून ओरडायची :
चार मिलिमीटर! इथे पाच!
आतून मेण सोडलं, जिथं कोणी बघणार नाही तिथं
दोन हात जास्त.
टेकू काढला तेव्हा
मी श्वास रोखून उभा. गाडी हलली नाही.

रविवारी हिल्डा आली.
न बोलता नेविलच्या जागेवर बसली.
दार वर उचललं आणि ओढलं.
लागलं नाही.
पुन्हा उचललं, पुन्हा ओढलं.
"सोड," मी म्हणालो, "आता उचलावं लागत नाही."

तिनं सोडलं.
खट्.

बराच वेळ ती त्या फटीवरून बोट फिरवत राहिली.
मग म्हणाली, "पण मग आधी का लागायचं?"

थियानं पाना खाली ठेवला.
मी डावा हात खिशातून बाहेर काढला.