अर्धा म्हणजे दहा

नवतपाची तिसरी रात्र.
घरचा कुलर नुसताच गरम वारा हाकतो,
टाकी दुपारीच कोरडी पडलेली,
म्हणून वही घेऊन मी येते
मानेवाडा रोडवर, बाबांच्या एटीएममध्ये.
बाबांचं म्हणजे बँकेचं.
बाबांचा फक्त स्टूल, एक रजिस्टर,
आणि छातीवरचा बिल्ला,
ज्यात हेडाऊचं हेडाव होऊन सहा वर्षं झाली.

आत एसी अठरावर.
मी कोपऱ्यात फतकल मारून बसते.
वहीची पानं संपली
की कचऱ्याच्या डब्यातल्या पावत्या काढते, पाठकोऱ्या.
पुढून कुणाची तरी शिल्लक,
दोनशे बारा रुपये चाळीस पैसे.
मागून माझा वक्र.

एलिप्टिक म्हणतात, पण हे लंबवर्तुळ नाही,
असं ठवरे मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं.
मग हे आहे काय,
ते माझ्यापर्यंत पोचायला एप्रिल संपला.
दोन बिंदू घ्या, रेघ ओढा,
ती वक्राला तिसऱ्या जागी कापेल,
तिथून सरळ खाली उतरा, आरशात उतरल्यासारखे:
ही बेरीज.
मी दर वेळी उतरायचं विसरते.

पुढच्या धड्यात तो वक्रही काढून घेतात.
एकोणीस तासांचं एक घड्याळ देतात हातात,
आणि उरतात नुसते ठिपके,
बनियनवर उडालेल्या तर्रीसारखे.
या घड्याळात अर्धा म्हणजे दहा.
कारण दहा दुणे वीस, आणि वीस म्हणजे एक.
हे कळलं तेव्हा मी इतकी मोठ्यानं हसले
की पैसे काढायला आलेला पोरगा
काचेबाहेरच थांबला.

"कुलूप कुठी हाये यात?" बाबा विचारतात.
मी सांगते:
एक-पाचवरून निघायचं,
त्याच्यात त्यालाच मिळवायचं, की येतं तीन-तेरा...
"दुसऱ्याच पावलाले तीन-तेरा!
बाप्पा, हे तं आपल्या घरचंच गणित."
...मग बारा-आठ, मग पुढं, मग पुढं.
निघालो कुठून, सगळ्यांना माहीत.
पोचलो कुठं, तेही.
किती वेळा मिळवलं, तेवढं आपल्यापाशी.
खरे आकडे घेतले तर ते शोधायला
जगातली सगळी यंत्रं जुंपा,
हा नागपूरचा सूर्यसुद्धा आधी विझेल.

बाबा बराच वेळ मशीनकडे बघतात.
"इतकं पक्कं हाये,
तं मंग मले कायले ठेवलं?"

याचं उत्तर सिलॅबसमध्ये नाही.

चारला सुभद्राबाई येतात, कॉटन मार्केटला जाता जाता.
त्यांना आकडे वाचता येत नाहीत.
कार्ड पुढे करतात आणि चार अंक पुकारतात,
मेथीच्या जुडीचा भाव सांगावा तसे.
बाबा मान खाली घालून बटणं दाबतात,
नोटा त्यांच्याच हातानं काढायला लावतात,
मग म्हणतात, "मले काही ऐकू नाही आलं, बाई."
बाईंना वाटतं, भाऊ ऐकायला कमी आहेत.
म्हणून दर खेपेला
त्या आणखी मोठ्यानं सांगतात.

आज मीही ऐकले.
चारही अंक डोक्यात जाऊन बसले,
उठता उठत नाहीत.
एकोणिसानं भागून पाहिलं, बाकी उरली,
तीही आता पाठ झाली.
बाबांना विचारलं, "तुम्ही खरंच विसरता?"
बाबा स्टुलावर पाय वर घेत म्हणाले,
"कोणते अंक?"

सहाला रजिस्टर. बाबा लिहितात: सब ठीक.
बाहेर एवढ्यातच झळ सुटलीय.
शेवटच्या पावतीवर मी चौथा बिंदू मांडते,
रेघ ओढते, तिसरी जागा सापडते,
आणि या वेळी उतरते खाली.
दहा-पंधरा.
दोनदा ताळा करते. बरोबर.

मग सगळ्या पावत्या फाडते,
आधी शिल्लकीच्या बाजूनं.