उजवा आटा

माथारपाखाडीतल्या फिलोमिना आंटीनं
जिन्याखालून ती ओढून काढली तेव्हा
काळी होती, छत्रीसारखी काळी,
गेटचा उरलेला रंग हातानं फासलेला.
घंटीत कोळ्यानं घर केलेलं.

"बेझिल म्हणायचा, फ्रेंच आहे.
बेझिल पुष्कळ काही म्हणायचा."

पैसे घेतले नाहीत. वर पंपही दिला,
त्यातला वॉशर सुकून सुपारी झालेला.

नाव कुठेच नव्हतं.
हँडलखालच्या नळीवर दोन भोकं, एकाखाली एक,
जिथे कधीतरी बिल्ला असणार.
मधलं अंतर मोजलं, वहीत लिहिलं.
त्या आकड्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं.

रॉकेलचा बोळा, मग पॉलिश पेपर.
काळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली शेंदरी,
त्याखाली, नखाएवढा, एक निळा,
मोरपंखी नाही, आकाशीही नाही,
ससून डॉकला बर्फाच्या लादीमागे बॅटरी धरली
तर आत दिसतो, तसा काहीसा.
सांध्यांवर पोलादाची बारीक नक्षी,
कुणाच्या तरी आईनं ताटाभोवती घालावी तशी.

बाजारातला एकही पार्ट बसेना.
सीटची दांडी केसभर जाड,
हँडलची दांडी केसभर जाड.
बेझिलनं ती कानशीनं घासून घासून आत बसवलेली,
वर पावडरच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळलेला.
इतकी माया, आणि इतकी वाईट कानस.

उरला पायडलच्या आसाचा उजवा कप.

रे रोडला दस्तगीर मिस्त्रींचा गाळा.
चाळीस वर्षं जहाजांचे व्हॉल्व खोललेले हात.
उजवा कप उलट्या आट्याचा असतो
हे त्या हातांना पाढ्यासारखं पाठ,
या शहरातल्या प्रत्येक सायकलनं शिकवलेलं.

पहिला रविवार: तेल.
दुसरा: ब्लोलॅम्प.
तिसऱ्याला पान्यावर दीड मीटरचा पाइप चढवून
आम्ही दोघं लोंबकळलो, आणि पान्याचा जबडा तडकला.
बाजूच्या गाळ्यातला पोरगा म्हणाला,
चाचा, भंगार में दो.

चौथ्या रविवारी मिस्त्री स्टुलावर बसून राहिले.
चहा संपला. कप खाली ठेवला,
आणि विचारलं,
"वो बुढ्ढा किधर की बोलता था इसको?"

फ्रेंच, मी म्हणालो.

ते उठले. पाना उचलला,
या खेपेला दुसऱ्या बाजूला फिरवला.
कर्र.
तपकिरीसारखा गंज बोटांवर सांडला,
आणि मग नुसत्या हातानं,
बरणीचं झाकण निघावं तसा.

तीन रविवार
आम्ही सोडवतोय समजून आवळत होतो.
मिस्त्री हसले. मग हसायचे थांबले,
कपाचे आटे अंगठ्यानं पुसत म्हणाले,
"सच बोलता था."

कारखान्याचं नाव अजून कळलेलं नाही.
निळा तेवढाच ठेवलाय, नखाएवढा,
बाकी अंगाला नुसतं जवसाचं तेल.

परवा आंटीला दाखवायला नेली.
तिनं हात लावला नाही, लांबूनच पाहिलं.
मी आट्यांची गोष्ट सांगितली,
आणि ती सांगताना मला मजा येत होती,
म्हणून उशिरा लक्षात आलं
की तिनं गॅस बंद केलाय.

"म्हणजे खरीच फ्रेंच."
"खरीच."

"एका रात्री भांडून गेला होता," ती म्हणाली.
"म्हणे ठाण्यापर्यंत सायकल मारली, एकटाच.
कुणाकडे गेलो नाही म्हणे.
मी विचारलंच नाही पुन्हा. तेवीस वर्षं.
ठाणं किती?"

वीसेक मैल.

"आणि परत?"

तेवढंच, आंटी.

तिनं ओठांत हिशोब केला,
ओट्यावर बोट फिरवत.
"बाराला गेला होता," ती म्हणाली,
"चारला आला."