बावन्नाव्या मिनिटाला

मला मारलं कुणी, हे चित्रपटात शेवटपर्यंत कळत नाही.
दिग्दर्शकालाही ठाऊक नसावं.
'पडून राहा फक्त,' म्हणाला,
'डोळे उघडे, तोंड जरासं वाकडं,
आणि थंडी वाजत नाहीये असं समजा.'
उणे अकरा. मार्च सत्त्याऐंशी. कोत्काचं बंदर,
गोठलेल्या समुद्रात घुसलेला सातवा धक्का.
चित्रपटाचं नावही तेच.

कागद गिरणीच्या कॅन्टीनमध्ये मी वाटाण्याचं सूप वाढायची.
गुरुवारी ते लोक जेवायला आले,
माझ्याकडे बघून आपसात कुजबुजले.
मेलेली शोभेल अशी बाई
अख्ख्या गावात मीच सापडले.
दोनशे मार्क, थर्मासभर कॉफी,
आणि पाय अनवाणी,
कारण बूट खुनी घेऊन जातो
आणि इन्स्पेक्टर सगळा चित्रपट ते शोधत हिंडतो.

सात वेळा मेले.
मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात.
बर्फाला भितं, मी सांगते.
सातव्यांदा उठले, बूट कुणीतरी पुढे केले.
कोमट होते.
शेकोटीजवळ ठेवले असतील, वाटलं.

जूनच्या नाचात तैस्तो भेटला. क्रेन चालवायचा.
'तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू मेलेली होतीस,' म्हणाला.
ह्यावर काय बोलणार? लग्न केलं.

पुढच्या वर्षी कॅसेट आली,
रेइमाच्या दुकानात, मासेमारीच्या गळांशेजारी.
वेष्टणाच्या मागे माझं पाऊल, नखाएवढं.
तैस्तोने ती भाड्याने आणली, परत केलीच नाही.
दंडाच्या पैशात दोन विकत आल्या असत्या.

कुणी पाहुणा आला की
बावन्नाव्या मिनिटाला हा टेप थांबवणार,
आणि बोट ठेवणार, माझ्यावर नाही,
दोरीपलीकडच्या गर्दीवर:
'तो बघा मी.'
तिथे काळपट काहीतरी उभं असायचं.
'तो खांब आहे.'
'मी आहे.'
'खांब.'
वीस वर्षं आमचा हाच संसार.
थांबवून थांबवून टेप तेवढ्यातच झिजली.
माझ्यावर पांढऱ्या रेघा, मग ठिपके,
त्या दिवशी न पडलेला बर्फ पडत राहिला
आणि मी दिसेनाशी झाले.
खांब मात्र टिकला.

तैस्तोला जाऊन नऊ वर्षं झाली.

परवा हेलसिंकीहून पाकीट आलं.
निगेटिव्ह कुठल्याशा तळघरात सापडली म्हणे.
एकेक ओरखडा पुसून चकतीवर घातलीय.
सोबत पुस्तिका, तिच्यात पहिल्यांदाच:
प्रेत – इर्मेली पेल्कोनेन.
माझं माहेरचं आडनाव. किती दिवसांनी वाचलं.

येरेने यंत्र जोडून दिलं
आणि माझा नातू असल्यासारखा फोन बघत बसला.

बावन्नावं मिनिट.
कोटाची तिसरी गुंडी वेगळ्या दोऱ्याची.
भुवईत बर्फाचा कण.
आणि ओठांशी वाफ,
बारीक, एकदा. थांबून, आणखी एकदा.
कॉमेंटरीत कुणी अभ्यासक हसतो:
'इथे पाहा, प्रेत श्वास घेतंय.
टेपवर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.'

मी खांबाकडे पाहिलं.
खांबच होता! लोखंडी, जहाजं बांधायचा, वर बर्फाची टोपी.
'बघ,' मी मोठ्याने म्हणाले. उत्तर आलं नाही.

मग डावा कोपरा.
सगळे सांगितल्याप्रमाणे तोंडावर हात ठेवून प्रेताकडे बघताहेत.
एकच माणूस बघत नाहीये.
कोटाच्या गुंड्या सोडून
आत काहीतरी छातीशी घट्ट धरलंय,
मान खाली घालून त्यात गरम श्वास सोडतोय.
कोटातून एक टाच बाहेर आलीय.

बुटांचं तो कधी बोलला नव्हता.

येरेने फोन खाली ठेवला, पडद्याजवळ गेला.
'आजी, बूट ह्याच्याकडे आहेत.
म्हणजे खुनी हाच!'

इन्स्पेक्टर अजून चाळीस मिनिटं
भलत्याच गोदामात शोधणार होता.
शोधू दे.