पेनड्राइव्हमधला आम्पेम

ओबिरीच्या दुकानात शिरले तेव्हा
पर्समध्ये साडेतीन हजार सेडी,
गळ्यातल्या दोरीला पेनड्राइव्ह,
आणि पेनड्राइव्हमध्ये एक मेलेला माणूस.

क्वाकू आम्पेम, ट्रोट्रोचा ड्रायव्हर, वय एकसष्ट.
घरचे म्हणतात सत्तर लिहा, भारदस्त दिसतं.
शनिवारी पुरायचाय.
जन्मात एकच धड फोटो, तोही मतदार-कार्डावरचा,
हनुवटीवर सरकारी शिक्का.
मी त्याला केंटे नेसवायचंय,
मागे सोनेरी खुर्ची द्यायचीय,
आणि चौकातल्या खांबावर
दुप्पट उंचीचा करून उभा करायचाय.

माझा जुना कॉम्प्युटर मंगळवारी गेला.
कुमासीत याला दुमसोर म्हणतात:
वीज जाते, येते, जाते,
आणि येता येता घरातलं काहीतरी घेऊन जाते.

ओबिरीनं एक पातळ, चकचकीत उघडून धरला.
नवाकोरा आहे दुफिए, साडेतीनात बसवतो, वर माउस फुकट.
रॅम किती?
चार.
चारमध्ये डोकं उघडतं रे,
धड उघडेपर्यंत केळी तळून होतात.

आठचा होता, तो खेळणाऱ्या पोरांसाठी,
कळांखाली जांभळा उजेड,
पंखा असा की गाडी चढाला लागलीय.
पेनड्राइव्ह खोचला.
आम्पेम आला, राख फासल्यासारखा.
मी मान खाली केली, डोळ्यांखालच्या खाचा बुजल्या.
वर केली, गळा आणि कोट एक झाले.
तिसऱ्यावर तो निळा होता,
आत्ता शवागारात असेल तसा.

चेहरा दिसतोय की, ओबिरी म्हणाला.

चेहरा कुणालाही दिसतो.
मला कपाळावरची तपकिरी हवी,
गालाच्या हाडावरची तांब्याची झाक,
आणि कानामागचा तो काळा
जो कोटाच्या काळ्याहून वेगळा आहे.
स्वस्त पडदा सगळ्या अंधाराला एकाच नावानं हाक मारतो.
मग फ्लेक्स छापून येतो,
त्याच्यापुढे बायको उभी राहते
आणि विचारते, हा कोण?
माझ्या हातून एकदा झालंय असं.
मी पैसे परत केले. तिनं मोजले नाहीत.

खालच्या फळीवर, चार्जरांच्या गुंत्यामागे
एक जाडजूड धूड होतं.
कुठल्यातरी जर्मन कचेरीतून बोटीनं आलेलं,
पाठीवर अजून त्यांचा नंबर,
एक कळ पडलेली, वजन रताळ्याच्या गोणीएवढं.
रॅम सोळा. बेचाळीसशे.
ते घेऊन काय करणार, ओबिरी म्हणाला,
लोक हसतील.

चालू व्हायला वेळ घेतला त्यानं.
मग आम्पेम आला
आणि कानामागे कान होता.
मान डावीकडे, उजवीकडे, तो जागचा हलला नाही.
शिक्क्याच्या निळ्या कडेखाली
ओठाचा एक कोपरा वर चढलेला.
चार दिवस मी या माणसाला रागीट समजत होते,
कपाळावरची आठी पुसायचं ठरवून बसले होते.
आणि हा फोटोवाल्यासमोर हसू दाबत होता.

सातशे कमी पडत होते.
मी म्हटलं, ओबिरी, राहू दे सातशे,
तुझ्या घरात कुणी गेलं तर फलक मी फुकट करीन.
तो दचकून मागे सरकला, बोटं झटकली,
दारापर्यंत जाऊन थुंकून आला.
साडेतीनात ने, म्हणाला,
पण तेवढं बोललेलं परत घे.
मी परत घेतलं.

घरी येईपर्यंत मांड्यांवर वळ उठले.
बॅटरी चाळीस मिनिटं चालते, असं तो म्हणाला,
म्हणजे पंचवीस.
शनिवारला दोन दिवस आहेत, वीज सध्या आहे.
शिक्का आधी काढते, हळूहळू, कडेकडेनं.
ओठाला हात लावत नाही.