दोनशेपैकी निळ्या

राधानगरीच्या वरच्या अंगाचा हिरडा
सावलीत वाळवला, कुटला, गाळला,
शेवटी उरली चिमटीभर तपकिरी भुकटी.
तिचा नंबर सतरा.

इन्क्युबेटरमध्ये, सदतीस अंशांवर,
कुणाच्या तरी पापणीच्या कातडीतल्या पेशी.
कुणाच्या, ते बाटलीवर नाही.
स्त्री, वय अठ्ठावन्न, एवढंच.
त्या आता वाढत नाहीत, मरतही नाहीत,
पसरट होऊन बसून राहतात
आणि रंग घातला की
म्हाताऱ्या तेवढ्या निळ्या पडतात.

मी मोजते.
नुसत्या खाद्यावरच्या: दोनशेपैकी एकसष्ट.
सतरा नंबरातल्या: बेचाळीस.
पुन्हा मोजते. त्रेचाळीस.
पाध्ये मॅडम म्हणतात, हुरळू नकोस सुलक्षणा,
तीनदा करून दाखव, मग बघू.
पुण्याच्या क्रीमवाल्यांचा मात्र
दोनदा फोन येऊन गेला.

संध्याकाळी जवाहरनगरात
आबांनी कातड्याची पिशवी शिवून टांगलेली,
आत हिरडा आणि बाभळीची साल,
खाली घमेल्यात थेंब थेंब तांबूस पाणी.
हाच तुरट वास माझ्या दप्तराला यायचा
आणि बाकावर माझ्या शेजारी
कुणी बसायचं नाही.
आता मी तो हातमोजे घालून काचेच्या नळीत भरते
आणि त्याला पॉलिफेनॉल म्हणतात.

आबांना निळ्या पेशींचं सांगितलं.
"म्हंजे जित्या कातड्याला हिरडा पाजतीस व्हय?"
हसले नाहीत. घमेलं सरकवलं.
"आमचं मेल्यालं असतंय गं, म्हणून टिकतंय.
जितं टिकवायचं म्हंजे
त्येला कायबी लागू द्यायचं न्हाई का काय?"

तसं नव्हे, म्हटलं.
मग कसं, ते मला नीट सांगता येईना.

त्यांनी पायातलं जुनं पायताण काढलं,
बोटांच्या मागं जिथं ते वाकतं तिथं
अंगठा फिरवला.
मनगटापर्यंत तपकिरी हात, नखांच्या कडा काळ्या.
"हितं सुरकुती पडंस्तवर
पायताण चावतंय बघ."
आणि ते पुन्हा पायात घातलं.

सोमवारी तिसऱ्यांदा रंग घातला.
सूक्ष्मदर्शकाखाली ती बाई, अठ्ठावन्न वर्षांची,
तिची पापणी
कुठल्या उन्हाला मिटली असेल, कुठल्या धुराला,
कुणाला बघून मुद्दाम मिटली असेल,
असलं काहीबाही डोक्यात येत राहिलं
आणि मोजणी चुकली.
पहिल्यापासून मोजलं.

एकोणपन्नास.
मॅडमना अजून सांगितलेलं नाही.