पंखा चारवर

दर तीन महिन्यांनी महानंदा सिस्टर विचारतात,
"काका, डावीकडं की उजवीकडं?"
मी शर्ट वर करतो. पोट आता भरपूर आहे,
दोन्हीकडं जागा आहे.
सुई जाड. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो.
झालं.

डॉक्टर म्हणाले होते, या गाठीला पुरुषपणाचं खाद्य लागतं,
ते बंद करू, उपाशी ठेवू तिला.
मी मान हलवली. त्याच पंक्तीत आपलंही ताट आहे
हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पहिली लाट जानेवारीत आली, गड्ड्याच्या गर्दीत.
लोक कानटोप्या घालून,
नातू माझं बोट धरून पाळण्याकडं बघत,
आणि आतून कुणीतरी भट्टीचं दार उघडलं.
छाती, मान, कानामागून थेट टाळू.
स्वेटर काढला, मग वरची दोन बटणं.
शेजारचा म्हणाला, "अटॅक का ओ काका?"
"नाही ओ," म्हटलं. पुढं काय सांगायचं
ते ना घरच्या तेलुगूत सुचलं,
ना कारखान्यातल्या मराठीत.

छत्तीस वर्षं जॉबर होतो.
आडवा धागा तुटला की माग आपसूक थांबतो,
तशी सोय असते त्याला.
मी जायचो, गाठ मारायचो, हँडल ओढायचो. चालू.
या अंगाला ती सोय नाही.
तुटलेलं असतं, आणि चालूच असतं.

न्हावी म्हणतो, दाढी मऊ झाली.
बनियन छातीवर दाटतं, दुखतं.
मोरीची कडी लावून घेतो, आधी नव्हतो लावत.
रविवारी टीव्हीवर कुणाचा तरी हरवलेला कुत्रा घरी आला
आणि मी कडक भाकरी हातात धरून ढसाढसा.
सुनेनं पाणी आणलं. नातवानं रिमोट लपवला.

आणि ती गोष्ट.
ती भांडून नाही गेली.
भाडेकरू भाडं चुकतं करून, खोली झाडून जातो ना,
तशी. किल्ली खिळ्याला.

भूदेवीला सांगायला अकरा दिवस लागले.
मांडीवर सूप, ती विडीचं पान कातरत होती.
"एमंडी," म्हणाली, "मानेपासून सुरू होतं ना?
मग घाम? मग एकदम थंडी?"
कात्री थांबली नाही तिची.

तेव्हा आठवलं.
पंधरा वर्षांमागं, हीच खोली.
ती मध्यरात्री उठून पंखा चारवर करायची,
मी उठून दोनवर आणायचो.
नाटकं पुरे, म्हणायचो, मला सकाळची पाळी आहे.
तिची नुकतीच थांबली होती.

काही बोलली नाही ती त्यावर.
शिकवलं मात्र सगळं:
टॉवेल अर्धाच पिळायचा.
संध्याकाळनंतर चहा बंद, तिखट दुपारीच.
लाट आली की दात आवळायचे नाहीत, जाऊ द्यायची,
पाहुणा असतो, मुक्कामाचा नसतो.

हाडं ठिसूळ होतील, वजनं उचला, असं डॉक्टर म्हणाले.
मी भंगारवाल्याकडून जुन्या मागाची दोन आणली,
बीमला ताण राहावा म्हणून टांगतात ती, बिडाची.
पहाटे कंबर तलावाची एक फेरी,
मग गच्चीवर दहा डाव्या हातानं, दहा उजव्या.
सातव्याला हात थरथरतो. आठवं तरी होतं.

रिपोर्टातला आकडा बासष्टवरून एकाच्या खाली आलाय.
मुलगा पेढे घेऊन आला.
मी अर्धा खाल्ला. साखरही वाढलीय.

काल अडीचला लाट आली.
मी उठायच्या आत बटण खटकलं.
चारवर.
अंधारात ती चादर डोक्यावरून ओढून,
गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत.
"त्या वेळी मी..." म्हणालो.
"टॉवेल वाळलाय तुमचा," ती चादरीतूनच म्हणाली,
"भिजवून आणा.
आणि येताना कपाटातली ती दुसरी चादर,
निळी.
मला."